जास्तीचा नववा फर्मा

३ फेब्रुवारी

पंडित,

तुझं पुस्तक झालं एकदाचं. दोनशे ऐंशी प्रती काल टेम्पोने तुझ्या धर्मविद्यालयाकडे निघाल्या, वीस इथल्या चर्चच्या मंडळीसाठी ठेवल्या. बाबांनी दुकान काढल्यापासून इथे हजारो पुस्तकं बांधली गेली, पण घरच्या माणसाचं पुस्तक हे पहिलंच. पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं मीच दाबली. ‘देवाची तजवीज आणि माणसाचं तारण’. एवढं लांबलचक नाव ठेवण्याआधी पुठ्ठ्याची रुंदी तरी विचारायचीस.

बाकी काम सोपं गेलं, हे कबूल करते. ही चौदा प्रकरणं तू आधी वर्गासाठी एकेक पुस्तिका म्हणून लिहिलेली, प्रत्येक बरोबर सोळा पानांची. त्यामुळे एक प्रकरण म्हणजे कागदाची एक घडी, एक फर्मा. टेबलावर चौदा ढीग मांडायचे, फेरी मारत प्रत्येकातला एकेक फर्मा उचलायचा, हातात चौदा झाले की शिवायला घ्यायचं. लहानपणी ताटातली भाजीसुद्धा तू अशीच आखून ठेवायचास. धाकटा मुद्दाम येऊन ती कालवून जायचा.

आईचं सांगते. मोरीत घसरल्यापासून ती खाटेवरच आहे. कमरेचं हाड आता जुळणार नाही म्हणतात. पाठीच्या जखमेची पट्टी बदलायला नर्सबाई एक दिवसाआड येतात. डोळ्यांना दिसत तर काहीच नाही. पण बोटं तशीच आहेत. चाळीस वर्षं याच दुकानात कागदाच्या घड्या घातलेली बाई ती. तुझं पुस्तक हातात दिलं, तर आधी वास घेतला, मग पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “वाच.” रोज दुपारी जेवणं झाली की एक प्रकरण वाचते. काल सहावं झालं. मध्येच थांबवून विचारते, “म्हणजे मी मोरीत घसरले, तेही त्याच्या तजविजीत होतं?” मी म्हटलं, ते तुझ्या लेकालाच विचार.

ती कशासाठी ऐकतेय, ते तुलाही कळत असेल. शेंडेफळासाठी. तीन वर्षं झाली आपला धाकटा लिफ्ट दुरुस्त करताना खाली पडून गेला त्याला, आणि त्याआधी अकरा वर्षं त्याने देवळात पाऊल टाकलं नव्हतं. त्याचं तारण झालं की नाही, हे आईने आजवर कुणालाच विचारलेलं नाही. ना पाळकांना, ना मला. तुझं पुस्तक आपणहून सांगेल, म्हणून जीव मुठीत धरून ऐकतेय.

फोन करू नकोस. दुकानामागची ही दीड खोली, आणि आईचे कान तुझ्या-माझ्याहून तिखट. जे लिहायचं ते पत्रातच लिही, दुकानाच्या पत्त्यावर.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्रती सुखरूप पोचल्या. पुस्तकाची पाठ इतकी सरळ, की टेबलावर आधाराशिवाय उभं राहतं. बांधणी कुणाची म्हणून सगळे शिक्षक विचारत होते. थोरल्या बहिणीची, असं सांगताना मला किती बरं वाटलं, ते पत्रात लिहिता येत नाही.

मात्र आईच्या हातात पहिली प्रत माझ्याकडून जायला हवी होती, हे मला फार उशिरा सुचलं. गठ्ठ्यातली सगळ्यात वरची प्रत घेऊन तिच्यासाठी चार ओळी लिहिल्या आणि सही करून पार्सल आजच पाठवतोय. तू बांधलेली प्रत तुझी, ही तिची.

आता नवव्या प्रकरणाबद्दल. ‘दार लागल्यावर’. आईने ते एव्हाना ऐकलं असेल किंवा लवकरच ऐकेल. ज्याने समजून-उमजून देवाकडे पाठ फिरवली आणि जो पश्चात्तापाशिवाय गेला, त्याला मरणानंतर दुसरी संधी नाही, असं मी त्यात स्पष्ट लिहिलं आहे. कुणाचं नाव घेतलेलं नाही. पण आई दुधखुळी नाही. तिला लागेल, हे मला ठाऊक आहे. ताई, ज्या सत्याने दुखतं ते वगळून उरलेलं सांगायचं, हे शिक्षकाला शोभत नाही, आणि मुलालाही नाही.

एक विनंती. ते वाचशील त्याच दिवशी दहावंही वाच. ‘शेवटच्या घटकेची कृपा’. नववं आणि दहावं एकमेकांशिवाय वाचायची नाहीत. विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगतो. दहाव्याशिवाय नववं म्हणजे नुसता दगड आहे.

आईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
पंडित

१८ फेब्रुवारी

पंडित,

पार्सल पाठवलंस? परत मागव. पोस्टात जा, पाया पड, काहीही कर, पण ते इथे पोचू देऊ नकोस.

तुला सांगायचं नव्हतं. आता सांगणं भाग आहे. आईच्या प्रतीत नववं प्रकरण नाही. मीच ते घातलं नाही. छापखान्यातून फर्मे आले, तेव्हा बांधण्याआधी मी ते वाचले. मी फार शिकलेली नाही, पण पुस्तकं बांधता बांधता वाचते हे तुला माहीत आहे. नववं वाचून मी स्टुलावर बसले ती बसलेच. मग आईची प्रत सगळ्यात आधी जुळवली आणि नवव्या ढिगाला हातच लावला नाही. तेरा फर्मे शिवले. प्रत्येक पुस्तिकेचे पानांचे आकडे एकपासूनच सुरू होतात, त्यामुळे कुठे काही तुटल्यासारखं वाटत नाही. आणि आईला दिसत नाही. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटतेय, पण तेच खरं.

आठव्यानंतर मी सरळ दहावं वाचलं. त्या दुपारी आई रडली रे, पण कसं, तर अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. परत वाचायला लावलं. शेवटच्या श्वासात नुसतं वळून बघितलं तरी पुरतं, असं तू लिहिलंयस ना, ते तर तिने तीनदा म्हणून घेतलं. म्हणाली, “पडताना त्याने बघितलं असेल. चार मजले म्हणजे पुष्कळ वेळ असतो.” त्या दिवसापासून ती पोटभर जेवते.

आणि तू म्हणतोस, शिक्षकाला शोभत नाही! तिच्या खाटेशी बसून, तिचा हात हातात घेऊन, तोंडाने सांगशील का तिला, की तुझं शेंडेफळ गेलं ते कायमचं गेलं? नाही ना सांगणार? मग सोळा पानांत लिहून माझ्या तोंडून का वदवतोस? तिचे थोडे दिवस उरलेत. ते तिला सुखाने काढू दे. मग मला जी काय शिक्षा असेल ती असेल.

ताई

२५ फेब्रुवारी

ताई,

पार्सल परत येत नाही. पोस्टात दोनदा जाऊन आलो.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, तो तुझ्यापासून लपवत नाही. लेखकाला न विचारता त्याच्या पुस्तकातलं एक प्रकरण काढायचं, आणि तेही आईच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन! बाबा असते तर त्यांनी तुला दुकानाच्या किल्ल्या खाली ठेवायला सांगितल्या असत्या. ग्राहकाचं एक पान इकडचं तिकडे झालं तर ते सगळा गठ्ठा उसवायचे, आठवतंय ना?

देवाची तजवीज म्हणजे काय, एवढंच मी चौदा प्रकरणांत सांगायचा प्रयत्न केला आहे. त्याच्या योजनेतलं आपल्याला रुचतं तेवढं ठेवायचं आणि टोचतं ते काढून टाकायचं, असं माणसाला करता येत नाही. काढलेलं कुठून ना कुठून परत येतंच. तू आईला सुख दिलंस असं तुला वाटतंय. तू तिला अर्धं पुस्तक दिलंस. अर्ध्या पुस्तकावर टेकलेलं सुख किती दिवस टिकणार?

धाकट्याबद्दल मला तुझ्यापेक्षा कमी दुःख झालं, असं समजू नकोस. त्याच्याबद्दल तुला सगळंच माहीत आहे असंही समजू नकोस.

पार्सल येईल तेव्हा तू घरी राहा. ते आपल्या हाताने घे आणि वाटलं तर आईला सांगू नकोस. हे लिहितोय, म्हणजे मीही तुझ्याच लबाडीत सामील झालो. बघ, कुठवर आणलंस मला.

पंडित

६ मार्च

पंडित,

मी घरी नव्हते. पुठ्ठे आणायला गेले होते, तेवढ्यात पार्सल आलं. नर्सबाईंनी घेतलं, तुझी सही आणि चार ओळी वाचून दाखवल्या, आई हरखली. आणि मग तिने जे करायचं तेच केलं. तुझी प्रत उजव्या हातात घेतली, उशाखालची माझी डाव्या हातात. दोन्हींच्या पाठींवर अंगठा. मग नख लावून वरच्या बाजूने एकेक घडी मोजली. माझ्या प्रतीत तेरा, तुझ्या प्रतीत चौदा. चाळीस वर्षांच्या सवयीपुढे माझी लबाडी किती टिकणार होती!

नर्सबाईंना म्हणाली, “यात आहे आणि त्यात नाही, ते वाचा.” त्या बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी मथळे ताडून पाहिले, नववं काढलं, सगळं वाचलं. संपल्यावर पान उलटलं, तर पुढे परत ‘प्रकरण नववं’. त्या थांबल्या, तर आई म्हणाली, “आहे ते वाचा.” म्हणून परत वाचलं, मोठ्याने, सगळं. आणि त्याच्यापुढे एकदम अकरावं.

होय. तुझ्या सहीच्या प्रतीत नववं दोनदा आहे आणि दहावं नाही.

मी आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, “त्याने दोनदा लिहिलंय. एकदा लिहून मी ऐकणार नाही असं वाटलं असेल त्याला.” मी म्हटलं, आई, ही बांधणीची चूक आहे. तर म्हणाली, “आणि ते दुसरं, वळून बघण्याचं? ते लेखकाच्या प्रतीत नाहीच. ते तू मनाने रचून वाचलंस.” मी माझी प्रत उघडून नर्सबाईंकरवी छापलेलं दहावं तिला वाचून दाखवलं. तरी तेच. “ज्या बाइंडरला एक काढता येतं, तिला एक घालताही येतं.” नर्सबाई खाली मान घालून पट्ट्या गोळा करत बसल्या.

कसं झालं ते मला त्याच क्षणी कळलं. छापखान्यातून प्रत्येक फर्मा मोजून तीनशे आला होता. दहाव्यातला एक माझ्या हातून खळीच्या भांड्यात पडला, तो फुकट गेला. आईच्या प्रतीत नववा घातला नाही, म्हणून नवव्यातला एक जास्त उरला. शेवटची प्रत जुळवताना दहावा ढीग संपलेला आणि नवव्यात एक जास्तीचा; टेबलावर उरलेलं सगळं मी एकदम गोळा केलं. आपल्याकडे तपासणी कशाने होते? फर्म्यांच्या संख्येने आणि जाडीने. हातात चौदा लागले, जाडी बरोबर बसली, मी शिवून टाकलं. शीर्षकं बघितली नाहीत. माझ्या डोक्यात आईचीच प्रत घोळत होती. ती शेवटची प्रत गठ्ठ्यात सगळ्यात वर गेली, आणि तू नेमकी वरची उचललीस.

सांग पंडित, ही कुणाची तजवीज? जे मी आईपासून लपवलं, तेच तिच्यापर्यंत दुप्पट होऊन आलं, तुझ्या सहीने. तुझ्या चौदा प्रकरणांत याचं उत्तर आहे का? असेल तर कितव्यात, तेवढं लिही.

आता एकच उपाय आहे. दहावं प्रकरण माझं आहे, मीच लिहिलंय, असं आईला तुझ्या हाताने लिहून पाठव. चार ओळी पुरेत. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही. चार दिवस झाले, ती पेजेशिवाय काही घेत नाही.

ताई

१४ मार्च

ताई,

चार ओळी लिहायला बसलो आणि तीन दिवस बसूनच आहे.

दहावं प्रकरण मी लिहिलं, हे खरं आहे. पण कसं लिहिलं ते ऐक. हस्तलिखित वाचून आमचे प्राचार्य म्हणाले, नवव्यावर वाचक उभा राहणार नाही, पुढे काहीतरी हात देणारं घाला. ते मी आठवड्यात लिहून दिलं, ग्रंथालयातली पुस्तकं समोर ठेवून. शब्द ठीक आहेत. माझा मात्र त्यांवर विश्वास नव्हता. नववं मी तीन वर्षं लिहीत होतो. धाकटा गेल्याच्या पुढच्या महिन्यापासून.

तुला मी लिहिलं होतं, की त्याच्याबद्दल तुला सगळं माहीत नाही. तो गेला त्याच्या तीन दिवस आधी त्याने मला फोन केला होता. म्हणाला, “दादा, झोप लागत नाही रे. चार दिवस येऊ का तुझ्याकडे?” अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याकडे काही मागत होता. घरात माझे दोन विद्यार्थी राहत होते. मी म्हणालो, ये, पण आधी रविवारी उपासनेला ये, मंडळीसमोर उभा राहा, जे काय असेल ते कबूल कर, मग घरी चल. रीत असते एक. तो नुसता “बरं दादा, ठेवतो” म्हणाला. रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

आता कळलं ना, नववं मला का हवं होतं? त्याने पाठ फिरवली होती, दार त्याने लावलं होतं, असं शास्त्राधाराने सिद्ध झालं तर मी सुटतो. आणि दहावं खरं असेल, देव जर शेवटच्या घटकेलाही काही न विचारता घेत असेल, तर मग त्याला दारात उभं करून रीत सांगणारा मी कोण होतो? ताई, दहावं खोटं असावं अशी माझी गरज होती. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या माणसाची ही गरज.

हे आईला सांगू नकोस. हात जोडतो. तिच्या मनात धाकटा तर गेलाच आहे, आता मीही जाईन.

पंडित

२३ मार्च

बाळा पंडित,

नर्सबाईंकडून लिहून घेते आहे. ताई कागद आणायला गेली आहे. तिला माहीत नाही, आणि तिने मला काही सांगितलेलंही नाही. तिच्यावर डोळे वटारू नकोस. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ती दुकानात नुसती बसून असते, काम होत नाही, एवढं मला आवाजावरून कळतं.

दोन्ही पुस्तकं मी उसवली. सुई नर्सबाईंनी ओवून दिली. तुझ्या प्रतीतला जास्तीचा नववा फर्मा काढला आणि ताईच्या पुस्तकात आठव्या-दहाव्याच्या मध्ये घालून शिवला. टाके वाकडे आलेत, बाबा असते तर फेकून दिलं असतं. पण ते पुस्तक आता पुरं झालं. नववंही त्यात आहे. मला घाबरून कुणी काही काढायचं नाही. तुम्हा तिघांना जन्म दिलाय मी, सोळा पानं सोसतील मला.

दुसरं तुला पाठवते आहे. त्यात नववं आहे आणि पुढे जागा आहे. दहावा फर्मा पडायचा तिथे दोरा सैल ठेवलाय. दहावं तुझंच आहे, छापलेलं आहे, हे मला आता पटलंय. नर्सबाईंनी दोन्ही पुस्तकांचा कागद उजेडात धरून बघितला, एकच आहे म्हणाल्या. ताईवर मी उगाच संशय घेतला. पण ते छापलेलं दहावं मला नको. तुझं तू लिही.

शेंडेफळ गेलं त्या आठवड्यात त्याने पिशवी भरली होती. मी विचारलं, कुठे? म्हणाला, दादाकडे चार दिवस. मीच त्याचे दोन सदरे घडी करून दिले. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली. म्हणाला, कामं आहेत, नाही जात. मी काही विचारलं नाही. तीन वर्षं तुलाही विचारलं नाही. तू मोठा माणूस, तुला अवघड होईल असं वाटायचं.

आता विचारते. तू त्याला काय म्हणालास?

आई

३० मार्च

आई,

हे ताई तुला वाचून दाखवेल. ताई, एक शब्दही गाळू नकोस.

त्याने विचारलं, येऊ का. मी म्हणालो, ये, पण आधी मंडळीसमोर उभा राहा, मग घरी चल. आई, मी त्याला ‘पण’ म्हणालो. घरात खोली रिकामी होती. दोन विद्यार्थी काय म्हणतील, एवढीच माझी अडचण होती. त्याला झोप लागत नव्हती आणि मी त्याला रीत सांगितली. तिसऱ्या दिवशी तो न झोपलेला कामावर गेला आणि पडला. यापेक्षा जास्त काही नाही, आणि कमीही नाही.

ते तुझं सैल दोऱ्याचं पुस्तक समोर आहे. त्यात घालायला माझ्याकडे सोळा पानं नाहीत. एवढंच आहे. तो कुठे आहे हे मला माहीत नाही, आई. मला माहीत आहे असं मी नवव्यात लिहिलं, ते मी घाबरून लिहिलं. वर्गात जाऊन हेच सांगायचं ठरवलंय, पण त्याआधी तुला सांगायचं होतं.

तुला मला बघायचं नसेल, तर तसं ताईला सांग. मी समजेन. नाहीतर,

येऊ का?

पंडित

८ एप्रिल

पंडित,

तुझं पत्र मी वाचलं. गाळलं काही नाही. ‘पण’ या शब्दावर मी अडखळले, तर आई म्हणाली, “नीट वाच.”

दोन दिवस तिचं भिंतीकडे तोंड. मला वाटलं, आता आईलाही आपण गमावलं. मी तुझ्यावर चिडलेली आहे, हे इथे लिहून ठेवते. धाकट्याची ती पिशवी अजून खुंटीला आहे, मी येता-जाता बघते, आणि ती रिकामी का झाली ते मला आता कळलं. मला वेळ लागेल. आई वेगळी आणि मी वेगळी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा मागितला. मग म्हणाली, “ताई, तो वर असला तर मी गेल्या गेल्या त्यालाच विचारणार, की दार कुणी उघडलं.” मी विचारलं, आणि नसला तर? तर शांतपणे म्हणाली, “नसला तर मी आत जायचीच नाही. दारात बसून राहीन. सवय आहे मला वाट बघायची.” हे तुझ्या कुठल्या प्रकरणात बसतं ते तू बघ. ती घाबरलेली नाही पंडित, पण तिचं दुःख जराही कमी झालेलं नाही. आपण दोघांनी मिळून तिला जे सांगू नये आणि जे सांगावं, ते सगळं सांगून झालं.

मग म्हणाली, “लिही त्याला.” मी पेन घेतलं. एकच शब्द सांगितला. मी म्हटलं, अगं, पुढे? कधी, कसं, आधी काय करायचं, काही अट? तर माझ्यावरच खेकसली, “मी काय धर्मविद्यालय चालवते?” आणि खुंटीवरची पिशवी खाली काढायला सांगितली. तुझे कपडे ठेवायला लागतील म्हणाली.

तेव्हा तिने सांगितलेलं पत्र हे असं आहे, सगळं, काही न गाळता:

ये.

ताई